आठवी ‘ब’ची मागची भिंत

नागपूर,
१२ मे

प्रिय विन्या,

सप्रेम नमस्कार. परवा फोनवर तू विचारलंस, “काय करून राहिला बे एवढ्या उन्हात?” तर महाल भागातल्या आपल्या शाळेच्या दुरुस्तीसाठी परांचीवर उभा असतो. बाहेर ४५ अंश.

आपली शाळा काही इथल्या बिशप कॉटन शाळेसारखी १८६३ ची नाही. पण वीट-चुन्याच्या जाड भिंती, छपराला सागवानी कैच्या, वर कौलं. हल्ली कोण बांधतंय असं? आठवी ‘ब’ची मागची भिंत आठवते? टेकून बसलं की शर्टाला पांढरी भुकटी लागायची आणि घरी बोलणी बसायची. आपण कौलांना दोष द्यायचो. कौलं बिचारी ठीक होती रे. आपण शाळेत यायच्या आधीच कुणीतरी ‘दुरुस्ती’ म्हणून त्या भिंतीला सिमेंटचा गिलावा थापला होता. जमिनीतली ओल विटेत चढते. पूर्वी ती चुन्यातून उडून जायची, सिमेंटनं ती वाट बुजवली. मग ओल आतच मुरली, क्षार वर आले, भिंतीला लोणा लागला. मी छिन्नीचा एकच ठोका दिला, तर परातीएवढा पोपडा पडला. मागची वीट ओल्या बिस्किटासारखी.

आता सगळा सिमेंट खरवडून पुन्हा चुना. हौदात महिनाभर कळीचा चुना विरवला, दह्यासारखा घट्ट झालाय. त्यात सुरखी म्हणजे विटेची पूड, वाळू, गुळाचं नि हिरड्याचं पाणी. आमच्या मिस्त्रीची हयात सिमेंटात गेली. पहिल्या दिवशी म्हणाला, “साहेब, गूळ चहात टाकू ना.” आता तोच पोरांवर ओरडतो, गिलाव्यावरची पोती ओली ठेवा म्हणून. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत हळूहळू दगड होतो, आणि इथलं ऊन त्याला त्याआधीच सुकवून टाकतं. संस्थेला अर्थात घाई. विदर्भातल्या शाळा जूनअखेर उघडतात, तेवढाच दिलासा.

भांडणंही झाली. झरोके झाकणारं पीओपीचं छत मी काढायला लावलं, कारण वर चढलेली गरम हवा तिथूनच बाहेर पडते. मुख्याध्यापक दुपारी त्या वर्गात खुर्ची टाकून बराच वेळ बसले, काही बोलले नाहीत. पुढचे दोन वर्ग त्यांनीच उघडायला सांगितले. फरशीच्या बाबतीत मात्र मी हरलो. ऑफिसात नि स्टाफरूममध्ये शहाबादीवर चकचकीत टाइल्स बसणार आहेत. जीव जळतो, पण पैसे त्यांचे.

आता तुझ्याकडे काम आहे. वरच्या व्हरांड्याचा लाकडी कठडा कधीच काढून तिथे लोखंडी पाइप लावलेत. सुतार म्हणतो, नमुना द्या, हुबेहूब करून देतो. नमुना कुठून आणू? दहावीच्या निरोप समारंभाचा ग्रुप फोटो तिथेच काढला होता. माझी प्रत पुरात गेली. काकूंच्या ट्रंकेत तुझी असेल. मोबाइलवर नीट उजेडात काढून पाठव. आपली तोंडं कापली गेली तरी चालतील, मागचा कठडा पूर्ण आला पाहिजे.

काकूंना नमस्कार.

तुझा,
बाळ्या