मालवणी ऐकली की हसायचंच का?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला मराठी विनोदावरचा पानभर लेख वाचला. त्याच दिवशी लिहायला बसलो असतो तर जास्त कडक लिहिलं गेलं असतं, म्हणून एक रात्र जाऊ दिली. राग मात्र उतरलेला नाही.

सिनेमा, नाटक, टीव्ही, मोबाइलवरचे व्हिडिओ, सगळ्यांचा आढावा घेताना लेखकाने आमच्या सिंधुदुर्गाच्या मुलखाला तीन-चार ओळी दिल्या. जागा कमी दिली याची तक्रार नाही. त्या ओळींत लिहिलं आहे की मालवणी बोलीतच मुळात विनोद आहे, पात्राने तोंड उघडलं की प्रेक्षक हसायला लागतो. लेखकाने हे कौतुकाने लिहिलं असणार, आणि मला त्याचाच जास्त त्रास झाला. शिवी असती तर उत्तर देता आलं असतं. कौतुकाला काय उत्तर द्यायचं?

संपादक महोदय, याच बोलीत आमच्याकडे जमिनीच्या वाटण्या होतात, मोडलेली सोयरीक घरी येऊन सांगितली जाते, मयताच्या उशाशी बसून रडलं जातं. देवळात गाऱ्हाणं घालतात तेही याच बोलीत. मानकरी 'बा देवा म्हाराजा' म्हणून सुरुवात करतो आणि सगळी मंडळी हात जोडून 'व्हय म्हाराजा' म्हणते, तेव्हा तिथे कुणी हसत नाही. कुणाचं पोर आजारी असतं, कुणाचा मुंबईतला कामधंदा सुटलेला असतो, त्याचं नाव घेऊन देवाला सांगितलेलं असतं. तेच गाऱ्हाणं आता टीव्हीवरच्या प्रहसनात टाळी घेण्यासाठी वापरतात. लग्नाच्या हॉलमध्ये सूत्रसंचालकही घालतो आणि पाहुणे हसतात. मला ते बघवत नाही.

मी हे का लिहितो आहे, ते सांगतो. काही वर्षांपूर्वी इथल्या कॉलेजच्या मुलांनी एक एकांकिका बसवली होती. होडी बुडून मुलगा गेलेली आई, एवढाच विषय. लिहिणारा मुलगा गाबितवाड्यातला, म्हणजे मच्छीमारांच्या वाडीतला, काम करणारी मुलगी आमच्या शेजारची. मी भजनात पेटी वाजवतो म्हणून संगीताला मला घेतलं. तालमी शाळेच्या पडवीत व्हायच्या. आजूबाजूच्या बायका जेवणं आटोपून बघायला यायच्या, आणि शेवटच्या प्रवेशाला त्यातली एखादी तरी उठून बाहेर जायची, कारण तिच्या घरात तसं घडलेलं असायचं. मुलं त्या बायकांकडे बघूनच आपलं काम सुधारत गेली. ही बाई अशी ओरडणार नाही, ती पदर तोंडात धरील, असं त्या बायकाच सांगायच्या.

स्पर्धेसाठी आम्ही शहरात गेलो. कुठल्या शहरात आणि कुणाची स्पर्धा, ते लिहीत नाही. पडदा उघडला. ती मुलगी किनाऱ्यावर उभी राहून दर्याला म्हणते, "माका तुजा कायएक नको. माजो झील तेवढो परत दी." हे पहिलंच वाक्य. आणि सभागृह हसलं. चार टवाळ पोरं हसली असती तर मी विसरलो असतो. मागच्या रांगांपासून पुढच्या रांगांपर्यंत सगळे हसले, मोकळेपणाने, आता काहीतरी धमाल बघायला मिळणार अशा खुशीत. मी विंगेत पेटीवर बसलो होतो, मला ती मुलगी बाजूने दिसत होती. तिने पुढचं वाक्य घ्यायला वेळ लावला. हसणं थांबेपर्यंत ती थांबली, कारण तसं तिला शिकवलेलं होतं. विनोदी नाटकात टाळी-हशा ओसरेपर्यंत थांबतात ना, तसं तिला तिच्या मेलेल्या मुलाच्या वाक्यावर थांबावं लागलं. पुढे दहा-पंधरा मिनिटांनी प्रेक्षक शांत झाले, पण तोवर पोरांचा धीर सुटलेला होता.

परीक्षकांनी नंतर समजावून सांगितलं, गोड शब्दांत. विषय गंभीर आहे, तो प्रमाण भाषेत मांडला असता तर पोचला असता. बोली वापरायची होती तर विषय हलकाफुलका घ्यायला हवा होता. लिहिणारा मुलगा काही बोलला नाही. त्याने त्यानंतर मालवणीत लिहिलेलं मी पाहिलेलं नाही. मुलगी पुढे मुंबईला शिकायला गेली, तिथल्या एका नाटकात तिला मालवणी बोलणाऱ्या मोलकरणीचं काम मिळालं आणि विनोदी अभिनयाचं बक्षीसही मिळालं. तिच्या आईने पेढे आणून दिले. मी पेढा घेतला, तिचं अभिनंदन केलं, पण मला आनंद झाला नाही. त्याच मुलीने त्याच आवाजात मुलगा परत मागितला होता, तेव्हा तिला काही मिळालं नव्हतं.

आता कुणी म्हणेल की तुम्ही मालवणी लोकांनीच ही सवय लावली. 'वस्त्रहरण' कुणाचं? आमचंच. लिहिणारे गंगाराम गवाणकर राजापुरातल्या माडबनचे, त्यात काम करणारे मच्छिंद्र कांबळी मालवणजवळच्या रेवंडीचे. 1980 साली ते नाटक आलं, पाच हजारांवर प्रयोग झाले, पु. ल. देशपांड्यांनी ते बघून कौतुकाचं पत्र लिहिलं आणि तिथून गर्दी वाढली, हे सगळ्यांना माहीत आहे. मी स्वतः ते नाटक पाहून पोट दुखेपर्यंत हसलेला माणूस आहे आणि तात्या सरपंच मला आजही जसाच्या तसा आठवतो. पण त्यात आपण कशाला हसतो? गावात नाटक उभं करताना जो गोंधळ उडतो, सरपंचाचा जो तोरा असतो, पौराणिक वेशातली माणसं मध्येच आपल्या घरातली भांडणं काढतात, त्याला हसतो. गवाणकरांनी ही माणसं जवळून बघितली होती. त्यांचा एकेक प्रसंग रचलेला आहे, त्याला मेहनत आहे. मालवणी बोलली म्हणून लोक आपोआप हसले असं म्हणणं हा गवाणकरांचाही अपमान आहे आणि कांबळींच्या वेळ साधण्याचाही. नंतर आलेल्यांनी फक्त हेल उचलला आणि बाकीचं सोडून दिलं.

संकासुराचंही तेच. दशावतारात, म्हणजे आमच्या जत्रांमधल्या रात्रीच्या लोकनाट्यात, देव आणि राजे भरजरी मराठी बोलतात आणि संकासुर मालवणी बोलून हसवतो, हे खरं आहे. पण तिथे हसणारा आणि बोलणारा एकाच गावचा असतो. संकासुर भटजीची फिरकी घेतो, गावातल्या मोठ्या माणसाला चिमटा काढतो, आणि तो माणूस समोर खुर्चीवर बसलेला असतो. तो वरच्याला हसतो. शहरातल्या प्रहसनात मालवणी बोलणारा मात्र बहुतेक वेळा नोकर असतो, वॉचमन असतो किंवा गावाहून आलेला अडाणी मामा असतो, आणि त्याला सगळे मिळून हसतात. या दोन्हींत तुमच्या लेखकाला फरक दिसला नाही.

त्याच लेखात दशावताराला 'विस्मृतीत गेलेली कला' म्हटलं आहे आणि 2025 च्या 'दशावतार' चित्रपटाने ती उजेडात आणली, असंही. चित्रपट मला आवडला. दिलीप प्रभावळकरांनी या वयात उभा केलेला बाबुली मेस्त्री बघताना आमच्या रांगेतली माणसं रडत होती, आणि मालवणी ऐकून रडत होती, हे मुद्दाम सांगतो. पण विस्मृतीत कुणाच्या? कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की वालावलकर, आरोलकर, पार्सेकर, मोचेमाडकर अशा मंडळांना रात्रीची उसंत नसते. लिहिलेली संहिता नाही, कथानक ठरलं की संवाद तिथल्या तिथे, आणि पायपेटी-मृदंग-झांजेवर पदं. 'रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा' असं या लोकांबद्दल म्हणतात, आणि तो बोजा आजही उचलला जातो आहे. तुमच्या लेखकाला ठाऊक नव्हतं, म्हणून ते सगळ्यांच्या विस्मरणात गेलं असं कसं म्हणता येईल?

आणि एकमेकांची जाहीर उडवण्याचा प्रकार मराठीत आत्ता-आत्ता इंटरनेटमुळे आला, असं जे वाक्य आहे, ते वाचून तर मी पुरवणी बाजूला ठेवली. डबलबारी कधी ऐकली आहे का त्यांनी? दोन भजनी बुवा समोरासमोर, रात्रभर. गजर झाला, रूपावली झाली, गौळण झाली की एकमेकांच्या सुरावर, वेशावर, मागच्या बारीत झालेल्या चुकीवर जे चालतं, ते शब्दांत आणि चालीत बसवून, पखवाजाच्या ठेक्यात. समोरच्याने तिथल्या तिथे उत्तर द्यायचं. चाल कधी जुन्या हिंदी सिनेमातली, कधी नाट्यगीताची, आणि त्यावर देवाचं नाव. सिनेमा, संगीत आणि विनोद हे तिन्ही एका मांडवात बघायचे असतील तर याहून चांगली जागा मला माहीत नाही. मी पेटीवर जे काही शिकलो ते अशा मांडवात रात्री जागवून शिकलो. पहाटे बुवांना चहा द्यायला गेलं की मघाशी एकमेकांना सोलून काढणारे ते दोघे एका बाकावर बसलेले असायचे.

गंभीर कोकण पडद्यावर आलंच नाही असंही नाही. चि. त्र्यं. खानोलकर आमच्या वेंगुर्ल्याकडचे. त्यांच्या 'कोंडुरा' कादंबरीवर श्याम बेनेगलांनी चित्रपट केला, तो हिंदी आणि तेलुगूत. कोंडुऱ्याचा किनारा आमच्या तालुक्यात आहे आणि त्या गोष्टीतली माणसं पडद्यावर आमच्या बोलीत कधी बोललीच नाहीत. बेनेगलांना दोष देत नाही, त्यांनी निदान ती गोष्ट ओळखली. मराठी निर्मात्यांना मात्र विचारावंसं वाटतं की मालवणीतली शोकांतिका करायला तुम्हाला नेमकं कुणाचं भय वाटतं. त्या सभागृहातल्या हशाचं असेल तर तो हशा तुमच्याच कार्यक्रमांनी तयार केला आहे.

जाता जाता आणखी एक. लेखासोबतच्या फोटोत कोळीनृत्य आहे आणि खाली 'सिंधुदुर्गातील लोकनृत्य' असं छापलं आहे. कोळीगीतं मुंबई, पालघर, रायगडची. त्यांची बोली वेगळी, ठेका वेगळा, आणि तो मला फार आवडतो. पण आमच्याकडे मासेमारी करणारे मुख्यतः गाबित, त्यांची गाणी-नाच निराळे. सिनेमावालेही हीच चूक करतात. मालवणच्या बंदरात होडी दिसली की पार्श्वसंगीताला कोळीगीताचा ठेका ठरलेला. संगीतकाराने एकदा शिमग्याला इकडे यावं, कानाने ऐकावं आणि मग वाजवावं. सिनेमावाल्यांना मी पत्र लिहू शकत नाही, तुम्हाला लिहू शकतो. फोटोखालची ओळ येत्या रविवारी दुरुस्त करा.

आणि आमच्या आवृत्तीत मुंबई-पुण्याच्या नाट्यप्रयोगांच्या जाहिराती पान भरून येतात, त्या आम्ही वाचतो, पण तिकडे जाऊ शकत नाही. कार्तिक ते वैशाख कुठल्या गावात कुठल्या मंडळाचं नाटक आहे, कुठे डबलबारी आहे, याचा एक छोटा रकाना द्या. माहिती गोळा करून पाठवायला आमचं भजनी मंडळ तयार आहे.

आपला,
एक वाचक, वेंगुर्ले