बाथरूमचा बल्ब आणि बाकीचं

मिरज, गुरुवार रात्र

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

पुण्याहून कोयना एक्स्प्रेस वेळेवर पोचली. बाबा स्टेशनवर होतेच, त्यांच्या सवयीने तासभर आधी. फोनवर तू "पोचलीस का" एवढंच विचारलंस, मीही "हो" म्हणून ठेवला. म्हणून लिहायला बसले. फोनवर आपलं दुसऱ्या मिनिटाला वाजतं. पत्रात निदान तुला "आई, कॉल येतोय" म्हणता येणार नाही.

तंबोऱ्याची गवसणी काढली त्यावरून एवढं होईल असं वाटलं नव्हतं. जाऊ दे. कोण काय बोललं ते परत उगाळत नाही. पण तू रडू आवरत जे म्हणालीस ते डोक्यातून जात नाही. "साइटवर मला दहा हात असतात गं, आणि घरी आलं की बूट काढायचाही कंटाळा येतो." मी तेव्हा "झोप कमी होते तुझी" म्हणून मोकळी झाले. गाडीत साताऱ्यापर्यंत तेच आठवत होतं.

एकदा रक्त तपासून घे. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-ट्वेल्व्ह. एवढंच सांगते आणि विषय बदलते.

मंगळवारी रात्री दोनला तुझा फोन वाजला, आठवतंय? मी जागीच होते. तू अंथरुणात उठून बसलीस आणि क्षणात आवाज बदलला. "दुसरा व्हायब्रेटर कंटेनरमध्ये आहे, डावीकडच्या रॅकवर. तोवर काँक्रीट थांबवू नका, मिक्सरवाल्याला सांगा हळू सोड. मी पोचते." केस बांधलेस, जॅकेट, हेल्मेट, बूट, आणि गेलीससुद्धा. सकाळी चहा घेताना मी विचारलं तेव्हा किती छान समजावलंस. व्हायब्रेटर काँक्रीट हलवून घट्ट बसवतो, आणि ओतणं मध्येच थांबलं की खालचा थर धरायला लागतो, वरचा त्याला नीट चिकटत नाही, तिथे कोल्ड जॉइंट राहतो, खांबाला ते चालत नाही. हातवारे करून सांगत होतीस. शाळेतून आल्यावर दप्तरासकट ओट्यावर चढून सांगायचीस तशी. मी बघतच राहिले. शरूकाकूला फोन करून सांगितलंसुद्धा, की आमची सायली रात्री दोन वाजता वीस-पंचवीस पुरुषांना कामाला लावते. तिने नेहमीप्रमाणे "बाई गं" केलं.

आणि त्याच सकाळी तू अंघोळीला गेलीस ती मोबाइलची बॅटरी लावून. बाथरूमचा बल्ब कधी गेला विचारलं तर म्हणालीस, "गणपतीच्या आधी असेल." अगं, रात्रीचा दिवस करणारे ते फ्लडलाइट तुझ्या एका शब्दावर लागतात, आणि घरी तू अंधारात अंघोळ करतेस! हसूही आलं आणि पोटात गोळाही आला. घर बदलून दुसरं वर्ष चालू आहे, तरी 'किचन' लिहिलेला खोका बंदच. त्याच्यावर ताट ठेवून जेवतेस. मी दिलेलं पडद्याचं कापड घडीच्या घडी तसंच. फ्रिजमध्ये बर्फ, अंडी आणि अर्धं वाटीभर दही. आणि तंबोऱ्याच्या खुंटीला ते चमकत्या पट्ट्यांचं जॅकेट.

बघ, झाली यादी सुरू. अशी यादी करायची नाही असं ठरवून बसले होते.

आळशी तू नाहीस, हे कुणी मला सांगायला नको. रविवारी मेट्रोने नेलंस तेव्हा सिव्हिल कोर्टाला मुद्दाम उतरवलंस. "33 मीटर खाली आहोत आपण, वर बघ," म्हणालीस. एवढ्या खोल फलाटावरसुद्धा वरून उजेड येतो हे दाखवताना असा चेहरा, जसं काही ते ऊन तूच बांधून आणलंस. नोकरीच्या सुरुवातीला तिथेच धूळ खाल्लीस ना. मार्च 2022 मध्ये वनाझची पहिली गाडी सुटली तेव्हा बाबांनी टीव्हीचा आवाज एवढा वाढवला होता की समोरचे विचारायला आले. आता हिंजवडीच्या मार्गाचं 23 स्टेशनांचं काम. रेल्वेवाल्याची पोर शेवटी रुळावरच आली, असं ते अजून सगळ्यांना सांगतात. सांगितलेलं असलं तरी परत सांगतात.

मग त्या रविवारी घरी आलो आणि तू खोक्यावर बसून अकरा वाजेपर्यंत मोबाइल वर-खाली करत राहिलीस. काही बघत होतीस असंही नाही. मी दोनदा विचारलं, बाहेर जायचं का, कुणाला बोलवायचं का. "नको गं, काही नको." ते "काही नको" मला जास्त लागलं. लहानपणी तुला सगळंच हवं असायचं. उरुसात दर्ग्यातल्या चिंचेखाली गाणं ऐकायला अण्णा घेऊन जायचे, तर पहाटेपर्यंत डोळा मिटायची नाहीस आणि परत येताना त्यांच्या खांद्यावरून "अब्दुल करीम खाँसाहेब कुठे बसायचे, कुठे बसायचे" म्हणून जीव खायचीस. 1937 मध्ये गेलेला माणूस, पण तुला जागा पाहायचीच होती. तंबोरा तर तू हट्टाने मिळवलास. सतारमेकर गल्लीत रोज शाळेतून जाऊन बसायचीस, भोपळा कापताना बघायला. त्या म्हाताऱ्या कारागिरांनी तुलाच सांगितलं होतं, भोपळे पंढरपूरकडून येतात आणि जवारी, म्हणजे तारेचा तो गुंजणारा झंकार, कानाने काढायची असते, डोळ्यांनी नाही. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला ते भौगोलिक मानांकन मिळालं ना, त्या दिवशी तुला बातमी पाठवली होती. तू अंगठा पाठवलास.

गवसणी काढली तेव्हा खर्जाची तार तुटून लोंबत होती. बाकीच्या तीन तारांवर गंज चढला होता, बोट फिरवलं तर काळं झालं. मी त्या सैल करून ठेवल्या, ताण राहिला तर भोपळ्याला त्रास होतो. त्यात तुला दुखवायचं नव्हतं.

बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "करेल गं ती. दमते." त्यांना बोलायला काय जातंय! 2016 चा उन्हाळा विसरले. एप्रिलमध्ये मिरजेहून दुष्काळी लातूरला पाण्याची गाडी सुरू झाली, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर, मग पन्नास वाघिणींची. हे हैदरखान विहिरीपाशी रात्रंदिवस. जोडणी गळते का, झाकणं बसली का, गाडी किती वाजता सुटली, लातूरला किती वाजता लागली, दुसरं बोलणं नाही. घरी यायचे ते फक्त कपडे बदलायला. आणि आपल्या मोरीतला नळ पाडव्यापासून गळत होता, त्याला सुतळी बांधलेली. परमुलखाला 25 लाख लिटर पाणी आणि घरी बादली लावून ठेवायची. तू वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होतीस. शेवटी तूच वॉशर आणून बसवलास आणि वर त्यांना ऐकवलंस, "बाबा, लातूरला कळवा, मिरजेत गळती थांबली." किती हसलो होतो त्या रात्री.

तेव्हा मला कळलं होतं, की तिकडे त्यांची कुणीतरी वाट बघत असतं म्हणून ते उठतात. हजारो घागरी रांगेत. घरचा नळ काही वाट बघत नाही, तो गळत राहतो. तुझंही तेच असणार असं मला वाटतं. साइटवर मिक्सर येऊन उभा राहतो, थांबता येत नाही. घरी तू नाही उठलीस तर कुणाचंच अडत नाही. पण त्यांच्यामागे मी होते, तू होतीस. जेवलात का विचारायला माणूस होतं. तुझ्यामागे त्या घरात

नको. हे वाक्य कुठे चाललंय ते मला कळलं, तुलाही कळलं असेल. लग्नाचं काढणार नाही म्हटलं होतं आणि नाहीच काढत. माफ कर. मिलिंदचं ते झाल्यापासून मी त्या विषयात तोंड घालायचं नाही हे मला मान्य आहे. आणि खरं सांगू का, लग्न झालेल्या बायकाही अंधारात अंघोळ करतात. माझ्याच ओळखीत आहेत.

पण रक्त तपासून घे. नंदामावशीचं थायरॉइड किती दिवस कुणाला कळलं नाही, तीही म्हणायची दमते फक्त. कामावर एवढी चालतेस म्हणजे शरीराचं काही नसेलही, ते मलाही समजतं. मग दुसरं काही असेल तर तेही कुणाला तरी दाखवावं. आपल्या आशाताईंनी एक नंबर दिला, 14416. टेली-मानस. मनाच्या त्रासासाठी बोलायला. सरकारी आहे, पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्री चालतो, मराठीतून बोलतात. तुला काही झालंय असं मी म्हणत नाही. रात्री तीनला साइटवरून येऊन भिंतीकडे बघत बसलीस आणि आईला उठवायचं नसेल, तर असावा. खरं तर आईलाच उठव. मी कुठे झोपते.

आणि सगळं घर लावायला घेऊ नकोस. घेशील आणि दमून परत बसशील, तुला ओळखते मी. तंबोराही आत्ता नको, ती जवारी आता तुझ्याने व्हायची नाही. दिवाळीला येताना घेऊन ये, गल्लीत देऊ. त्या कारागिरांचा मुलगा बसतो आता, बापाचा कान आहे त्याला. त्याला मी बोलून ठेवलंय. तो तारीख विचारतोय, तेव्हा आता तो वाट बघणार, हे लक्षात ठेव. (हो, मुद्दामच केलंय.)

पडद्याचं कापड मी पिशवीत घालून परत आणलंय, तुला अजून कळलेलं दिसत नाही. शिवून ठेवते. खिडकीचं माप मात्र घेतलं नाही. तेवढं टेप लावून कळव. तुझ्याकडे साइटवरचे टेप असतील ढिगाने.

जेवत जा. नाही, हे रोजचंच झालं. दही तरी ताजं आण.

तुझी
आई

ता. क. बाबा विचारतायत बल्ब पिनचा की आट्यांचा. ते पुढच्या रविवारी येतो म्हणतात, बल्ब लावायला. खरं त्यांना पुलाचे भाग उचलून बसवणारा तो लाँचर बघायचाय, काल शेजाऱ्यांना त्याबद्दल काहीतरी चुकीचंच सांगत होते. बाहेरच्या माणसाला आत सोडतात का आणि हेल्मेट तिथे मिळतं का ते विचार. आणि लॅबवाले रविवारी घरी येऊन रक्त नेतात म्हणे, तेव्हा ते असतानाच बोलावून टाक. उपाशीपोटी लागतं का ते त्यांनाच विचार.