मुक्तसंचार गोठा शिकवणाऱ्या डॉक्टर मॅडमना, कोल्हापूरच्या दूध उत्पादकांकडून

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

करवीर, कागल आणि पन्हाळा तालुक्यांतल्या दूध उत्पादकांसाठी तुम्ही घेतलेलं गोठा व्यवस्थापनाचं प्रशिक्षण पूर्ण झालं. तोंडी आभार मानले होतेच. पण तुम्ही शिकवलेलं इतर गावांतही पोचावं, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहितोय.

जनावरवाल्याला सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. पेंडीवाला पेंड सांगतो, औषधवाला औषध सांगतो. तुम्ही प्रत्येक गोष्टीचं कारण सांगितलंत. कारण कळलं की हंगाम बदलला, वैरण बदलली, तरी काय करायचं ते माणसाला स्वतः ठरवता येतं. शिवाय वर्ग सकाळची धार आणि डेअरीत दूध घालणं उरकल्यावर ठेवलात, त्यामुळे बायका येऊ शकल्या. धार काढणारी, वैरण टाकणारी, शेण भरणारी बाईच असते. तिला घरी ठेवून तिच्या नवऱ्याला गोठा शिकवायचा, ही पद्धत तुम्ही मोडलीत. त्यासाठी वेगळे आभार.

सगळ्यात उपयोगी पडलं ते वाड्याबद्दलचं, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांबद्दलचं. आपल्याकडं ऊसतोड सुरू झाली की चार-पाच महिने गव्हाणीत वाडंच वाडं. फुकट किंवा स्वस्त मिळतं, हिरवं दिसतं, जनावर आवडीनं खातं. पण त्यात ऑक्झलेट असतं आणि ते कॅल्शियमला धरून बसतं. धरलेलं कॅल्शियम अंगी लागत नाही, शेणावाटे निघून जातं. दुधात तर कॅल्शियम रोज जातच असतं, मग ते हाडांतून निघायला लागतं. म्हशी उशिरा माजावर येतात, उलटतात म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येतात, व्याल्यावर बसून राहतात. यावर तुम्ही तीन गोष्टी दिल्यात. एकट्या वाड्यावर जनावर ठेवायचं नाही. लसूणघास, चवळी असं द्विदल आणि थोडा कडबा सोबत हवाच, कारण वाड्यात प्रथिनंही कमीच. कुट्टी केलेल्या वाड्यावर चुन्याची निवळी शिंपडायची. चुना रात्री भिजत घालायचा, सकाळी वरचं स्वच्छ पाणी तेवढं घ्यायचं, खालचा गाळ नाही. आणि खनिज मिश्रण रोज ५० ग्रॅम, जास्त दुधाच्या म्हशीला १०० ग्रॅमपर्यंत, वर्षभर.

याच विषयातली एक गोष्ट बहुतेकांना नवी होती. म्हैस व्यायला आली की 'ताकद राहू दे' म्हणून कॅल्शियमच्या बाटल्या पाजायची आपल्याकडं रीत आहे. व्यायच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत वरून भरपूर कॅल्शियम मिळालं, तर हाडांतून ते काढायची शरीराची यंत्रणा सुस्त होते, हे तुम्ही समजावलंत. मग व्याल्यावर दुधाची ओढ एकदम लागते, ती यंत्रणा वेळेत जागी होत नाही आणि जनावर दुग्धज्वरानं खाली बसतं. कान थंड, मान वळवून बरगडीला टेकवलेली, नाकपुडी कोरडी, हे दिसलं की बाटली तोंडातून ओतत बसायचं नाही. गिळता येत नसलं तर औषध फुप्फुसात जातं. डॉक्टरलाच बोलवायचं, कारण शिरेतून दिलेलं कॅल्शियम घाईनं गेलं तर हृदय बंद पडू शकतं.

खाद्याचा हिशेब तुम्ही फळ्यावर न मांडता ताणकाटा लावून मांडलात. पाटी, बुट्टी, घमेलं यांत किती मावतं ते आधी तोललं. ५०० किलोच्या, ८ लिटर दुधाच्या म्हशीला दिवसाला साधारण १४ ते १५ किलो कोरडं खाद्य पोटात जायला हवं. हिरवी वैरण २५ किलो दिली तर त्यात पाणीच फार, कोरडं निघतं ५ किलो. कडबा ५ किलो, त्यातून साडेचार. आंबोण म्हणजे भरडा-पेंडीचं खाद्य, ते शरीरासाठी दीड किलो आणि लिटरमागं अर्धा किलो धरून साडेपाच किलो, त्यातून ५. बेरीज साडेचौदा. हा हिशेब एकदा हाताखालून गेला की 'म्हैस पोटभर खाते तरी दूध का नाही' याचं उत्तर बऱ्याचदा तिथंच सापडतं. पोट वाड्यानं किंवा पावसाळी गवतानं भरलेलं असतं आणि त्यात निम्म्याहून जास्त पाणी असतं.

उलट बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगितलीत. दूध वाढावं म्हणून भरडा आणि पेंड एकदम वाढवली की कोठीपोटात, म्हणजे चारा आंबवणाऱ्या मोठ्या पोटात, आम्ल साचतं. शेण पातळ, करड्या रंगाचं, फेस आणि न पचलेले दाणे असलेलं पडतं. रवंथ कमी होतो. त्याच्याही आधी डेअरीच्या पावतीवर फॅट उतरलेली दिसते, कारण फॅट तयार होते ती चाऱ्याच्या तंतूंतून, आणि ते पचवणारे जिवाणू आम्लात मरतात. म्हशीच्या दुधाचा दर फॅटवर ठरतो, त्यामुळे पेंड वाढवून पैसे कमी, असं घडतं. खाद्यातला कुठलाही बदल दहा ते चौदा दिवसांत, थोडा थोडा. आधी वैरण, मग आंबोण. आंबोण दोन-तीन वेळांत वाटून. लग्नात उरलेला भात आणि चपात्या जनावराला घालणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ, हे तर तुम्ही ठामपणे बजावलंत. निवांत बसलेल्या दहा म्हशींत सहा-सात रवंथ करताना दिसायला हव्यात, ही बिनखर्चाची तपासणी आता गावागावांत लोक करतायत.

मुक्तसंचार गोठा म्हणजे जनावरं न बांधता कुंपणाच्या आवारात मोकळी ठेवायची. त्याबद्दल इकडं एकच शंका असते: आपल्या पावसात तो चालेल का? पश्चिमेकडच्या गावांत दिवसाला १०० मिलिमीटर पाऊस नवा नाही. तुम्ही शंका उडवून न लावता तिचं गणित केलंत. म्हशीला छपराखाली ४० चौरस फूट आणि उघड्यावर ८० चौरस फूट जागा लागते. दहा म्हशींना १२०० चौरस फूट झाली, गुंठ्याहून थोडी जास्त. ४०० चौरस फुटांच्या छपरावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे ३,७०० लिटर पाणी होतं. ते सगळं वळचणीवरून आवारात कोसळलं की चिखल होणारच, आणि दोष मात्र मुक्तसंचार पद्धतीला दिला जातो. त्यामुळं छपराला पन्हळ आधी, कुंपण नंतर. आवाराभोवती बाहेरून चर, म्हणजे वरच्या शेताचं पाणी आत येणार नाही. आत मुरूम दाबून दहा फुटाला तीन-चार इंच उतार, उतार गव्हाणीपासून लांब जाणारा. गव्हाण आणि पाण्याच्या टाकीभोवती कोबा, तोही खरखरीत, कारण तिथं खुरांची वर्दळ सतत असते आणि गुळगुळीत कोब्यावर म्हैस घसरली तर खुबा निखळतो. प्रत्येक म्हशीला गव्हाणीची दोन ते अडीच फूट लांबी हवी. ती कमी पडली की दांडगी खाते आणि गरीब मागं उभी राहते. पाण्याची टाकी आठवड्याला घासून आतून चुना लावायचा. शेवाळलेलं पाणी जनावर कमी पितं, आणि म्हशीच्या दुधातही ऐंशी टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. चिखलात खुरं सडतात, सडांना घाण लागते, मग दगडी, म्हणजे कासेची सूज. हे सगळं एकाच माळेतलं, तुम्ही ते तसंच शिकवलंत.

दगडीवर थोडक्यात. अंगठा मुडपून धार काढायची नाही, पूर्ण मुठीनं काढायची. पहिल्या दोन धारा काळ्या वाटीत, गाठी दिसतात का बघायला. धार झाली की सड आयोडीनच्या द्रावणात बुडवायचे आणि लगेच वैरण टाकायची, म्हणजे म्हैस अर्धा तास उभी राहते. तेवढा वेळ सडाचं तोंड उघडं असतं.

मुरघास म्हणजे हवाबंद करून मुरवलेला हिरवा चारा. त्याचा ओलावा बघायला तुम्ही यंत्रापेक्षा मूठ वापरायला शिकवलंत. मक्याचा दाणा चिकात आला की तोडायचा, कुट्टी पाऊण ते एक इंच. मूठभर कुट्टी घट्ट दाबून सोडायची. पाणी ठिबकलं तर ओली, एक दिवस सुकू द्यायची. गोळा लगेच विस्कटला तर उशीर झालाय. गोळा हळूहळू उलगडला आणि हात नुसता ओलसर झाला तर ओलावा ६५ ते ७० टक्के, तोच हवा. अर्ध्या फुटाचे थर, प्रत्येक थर तुडवून. बिघडतं ते हवेमुळं आणि बॅगेला उंदरानं पाडलेल्या भोकामुळं. पंचेचाळीस दिवसांनी उघडल्यावर पिवळसर हिरवा रंग आणि आंबट वास असला तर पाच किलोपासून सुरुवात. बुरशीचा भाग 'थोडाच आहे' म्हणून घालायचा नाही, त्यातलं विष दुधात उतरतं.

शेणाचा धडा ऊसवाल्यांसाठी फारच मोलाचा. दहा म्हशींचं शेण रोज दोन ते अडीच क्विंटल पडतं. ते उघड्या उकिरड्यावर उन्हात आणि पावसात ठेवलं तर नत्र हवेत उडतो, उरलेला वाहून जातो. मुतात तर नत्राचा मोठा वाटा असतो, आणि ते सहसा गटारीत जातं. तुम्ही पाचटाची, म्हणजे उसाच्या वाळलेल्या पानांची, कुट्टी करून गोठ्यात अंथरायला सांगितलीत. मूत शोषलं जातं, म्हशीला बसायला कोरडं मिळतं आणि फडात पाचट पेटवायची गरज उरत नाही. खड्डा तीन फुटांपेक्षा खोल नको, वर सावली, ओलावा पुन्हा मुठीनं बघायचा, महिन्याला एकदा पलटी. पाचट फडातच कुजवायचं असेल तर पाचटाच्या टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो जिवाणू संवर्धक. कच्चं शेणखत फडात टाकायचं नाही, त्याबरोबर उसाची मुळं खाणाऱ्या हुमणीची अंडी आणि अळ्या जातात. वळवाच्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे बाहेर पडतात, तेव्हा उघडा उकिरडा त्यांना आयतीच जागा देतो. ऊस वाळला की लोक फडात औषध ओततात. हुमणीची वाट कधी कधी गोठ्यामागून जाते, हे तुमच्यामुळं कळलं.

शेवटचा दिवस पुरासाठी ठेवलात, तो २०१९ आणि २०२१ पाहिलेल्या गावांना फार भिडला. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका. माणसं ३९ ची वाट बघतात, पण गाभण म्हशी आणि रेडकं त्याआधीच हलवायची, कारण त्यांना चालायला वेळ लागतो आणि ट्रॅक्टर शेवटी मिळत नाही. दाव्याला ओढून सुटणारी गाठ मारायची. मुरघासाच्या बॅगा आणि पेंड उंचावर ठेवायची. घटसर्पाची लस पावसाच्या आधीच. पुरात भिजलेली वैरण वाळवून घालायची नाही, गाळ आणि बुरशी वाळल्यानं जात नाही.

मॅडम, शिरोळ तालुक्यातल्या लोकांनी हेच प्रशिक्षण आपल्या तालुक्यातही घ्यावं, असं म्हटलंय. मे महिन्याच्या आत जमलं तर पन्हळ, चर आणि लस ही तिन्ही कामं त्यांना पावसाआधी करता येतील. ताणकाटा आणि काळ्या वाट्या आमच्याकडच्या घेऊन जा, आणि मुरघासाची उघडी बॅग दाखवायची असेल तर तीही ट्रॉलीत घालून पाठवू.

आपले ऋणी,
करवीर, कागल आणि पन्हाळा तालुक्यांतील दूध उत्पादक