ब्रिटनचा प्रवेश घेण्याआधी पासबुक आणि कॅलेंडर शेजारी ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीचे आणि पदवीचे निकाल जवळ आले की ठाण्याच्या गोखले रोडपासून वाशी स्टेशनपर्यंत परदेशी शिक्षणाच्या पाट्या दिसू लागतात आणि हॉटेलांच्या सभागृहांत मेळावे भरतात. विद्यापीठाचा जागतिक क्रमांक, फीमधली सवलत, एका वर्षात मास्टर्स, एवढे तिथे हमखास सांगितले जाते. पण मुलाचे गुण चांगले, इंग्रजी चांगले, प्रवेश हातात, आणि तरीही व्हिसा नाकारला जातो, तो बहुतेकदा खात्यातल्या शिल्लक रकमेवरून किंवा एखाद्या कागदावरच्या तारखेवरून. कर्ज आणि तारण यांचे काम ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांना हे ठाऊक असते. घरातल्या मोठ्यांना ते वेळेवर कळावे म्हणून हे पत्र.

ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसासाठी दोन रकमांची बेरीज दाखवावी लागते: पहिल्या वर्षाची न भरलेली फी आणि ९ महिन्यांचा राहण्याखाण्याचा खर्च. ११ नोव्हेंबर २०२५ पासून हा खर्च लंडनसाठी महिना १,५२९ पौंड आणि लंडनबाहेर १,१७१ पौंड धरतात. म्हणजे लंडनसाठी १३,७६१ आणि बाहेर १०,५३९ पौंड. समजा लंडनबाहेरच्या विद्यापीठाची फी १८,००० पौंड आहे आणि त्यातले ५,००० आगाऊ भरले आहेत. उरलेले १३,००० आणि वरचे १०,५३९ मिळून २३,५३९ पौंड. पौंडाचा भाव सोयीसाठी १२० रुपये धरला तर झाले २८ लाख २४ हजार रुपये. ही रक्कम सलग २८ दिवस खात्यात असावी लागते आणि २८ दिवसांची मुदत संपल्यापासून ३१ दिवसांच्या आत अर्ज व्हावा लागतो. अर्जाची तारीख म्हणजे ऑनलाइन शुल्क भरल्याची तारीख. इथे सरासरी शिल्लक बघत नाहीत, सर्वांत कमी शिल्लक बघतात. सत्ताविसाव्या दिवशी विम्याचा हप्ता आपोआप वळता झाला आणि शिल्लक पाच हजारांनी खाली गेली, तर आधीचे सव्वीस दिवस वाया. रुपयाचे पौंडात रूपांतरही अर्जाच्या दिवशीच्या दराने होते, म्हणून हिशेबापेक्षा लाख-दीड लाख जास्तच ठेवावेत.

पैसे कोणाच्या नावावर आहेत याला तितकेच महत्त्व आहे. खाते विद्यार्थ्याचे किंवा आईवडिलांचे हवे. आपल्याकडे काकांची एफडी, मामांचे थोडे, आजोबांची ग्रॅच्युइटी असे गोळा करून मुलाला पाठवायची रीत आहे आणि ती आपुलकीची आहे. फक्त ते पैसे २८ दिवस सुरू होण्याआधी आईवडिलांच्या किंवा मुलाच्या खात्यात जमा झाले पाहिजेत. शेअर, पीपीएफ, एलआयसीचे सरेंडर मूल्य, सोने, ओव्हरड्राफ्टची मर्यादा, यांतले काही धरत नाहीत. पतपेढीतली ठेवही यात मोजू नये. रिझर्व्ह बँकेच्या नियमनाखालच्या, नोंदी संगणकावर असलेल्या आणि चौकशीला उत्तर देणाऱ्या बँकेतच पैसा हवा.

आईवडिलांचे खाते दाखवायचे तर त्यांचे संमतिपत्र आणि नाते सिद्ध करणारा जन्मदाखला लागतो. शाळा सोडल्याचा दाखला किंवा पासपोर्टचे शेवटचे पान त्याच्या जागी चालत नाही. आणि आपले जन्मदाखले नेमके इथेच अडतात. कित्येक जुन्या दाखल्यांवर बाळाचे नावच नसते, आईचे नाव माहेरचे असते, वडिलांचे आडनाव वेगळ्या स्पेलिंगने असते, किंवा दाखला फक्त मराठीत असतो. महापालिकेतून दुरुस्ती करून घ्यायला वेळ लागतो, मराठी दाखल्याचे प्रमाणित भाषांतर जोडावे लागते. हे काम प्रवेश मिळाल्यावर नव्हे, अर्ज करायचे ठरले त्या आठवड्यात सुरू करावे.

शैक्षणिक कर्ज असेल तर २८ दिवसांची अट लागत नाही, पण बँकेच्या पत्राची भाषा नीट लागते. कर्ज विद्यार्थ्याच्या नावावर हवे (पालक सहकर्जदार असतातच), पत्र अर्जाआधीच्या सहा महिन्यांतले हवे, आणि पैसे प्रवासाआधी उपलब्ध होतील किंवा थेट विद्यापीठाला जातील असे त्यात स्पष्ट असावे. व्हिसा मिळण्याखेरीज दुसरी कोणतीही अट त्या पत्रात असता कामा नये. आपल्या बँकांच्या नेहमीच्या मंजुरीपत्रात ‘गहाणखत पूर्ण झाल्यावर’, ‘मार्जिन मनी भरल्यावर’ अशा दहा ओळी असतात. तेच पत्र व्हिसाला जोडले तर अर्ज अडचणीत येतो. तारणाचे काम पुरे करून मग व्हिसासाठी वेगळे पत्र शाखेकडून मागून घ्यावे.

तारणाला किती वेळ लागतो याचा अंदाज फार थोड्यांना असतो. नवी मुंबईतली बहुतेक घरे सिडकोच्या भाडेपट्ट्याच्या जमिनीवर आहेत. तिथे गहाण टाकायला सोसायटीबरोबर सिडकोचेही ना-हरकत पत्र लागते. ठाण्यात जुन्या इमारतींना भोगवटा प्रमाणपत्र नसते किंवा अभिहस्तांतरण (जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर होणे) झालेले नसते, आणि बँकेचा वकील तिथे थांबतो. टायटल सर्च (मालकीच्या जुन्या नोंदींची तपासणी), मूल्यांकन, मूळ करारनामे शोधणे, सगळे धरून दोन महिने सहज जातात. सप्टेंबरला जायचे तर मार्च-एप्रिलमध्येच बँकेची पायरी चढावी. परदेशी शिक्षणाच्या ४ लाखांवरच्या कर्जाला साधारण १५ टक्के स्वतःचा वाटाही लागतो, तो हिशेबात धरावा. स्वतःच्या पैशातून वर्षाला १० लाखांच्या वर रक्कम परदेशी पाठवली की बँक टीसीएस (पाठवतानाच आगाऊ घेतला जाणारा आयकर) कापते. तो आयकर विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर हातचा पैसा अडकतो. मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या रकमेवर टीसीएस नाही.

व्हिसाचा अर्ज विद्यापीठाकडून ‘कॅस’ (प्रवेश पक्का झाल्याच्या पत्राचा) क्रमांक आल्याशिवाय करता येत नाही, आणि प्रवेश बिनशर्त झाल्याशिवाय कॅस येत नाही. मुंबई विद्यापीठाच्या शेवटच्या सत्राचा निकाल, तात्पुरते प्रमाणपत्र आणि कलिन्याहून मिळणारी ट्रान्स्क्रिप्ट यांच्यावर सगळे लटकलेले असते. आधीच्या सत्रांच्या ट्रान्स्क्रिप्ट लवकर काढून ठेवाव्यात. एटीकेटी किती चालतात हेही विद्यापीठाला लेखी विचारावे. अभियांत्रिकी आणि विज्ञानाच्या काही पदव्युत्तर विषयांना ‘एटॅस’ नावाची वेगळी सुरक्षा-परवानगी लागते. ती फुकट आहे, पण तिला निदान ३० कामकाजाचे दिवस धरावेत. क्षयाची तपासणी ब्रिटिश सरकारने मान्य केलेल्या केंद्रातच करावी लागते, नाक्यावरच्या एक्स-रेचा अहवाल चालत नाही. प्रमाणपत्र सहा महिने टिकते.

अर्जाच्या वेळी व्हिसा शुल्क ५०० पौंडांच्या वर, आणि आरोग्य अधिभार (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीची रक्कम) वर्षाला ७७६ पौंड. एका वर्षाच्या मास्टर्सचा व्हिसा सोळा-एक महिन्यांचा मिळतो, म्हणून अधिभार दीड वर्षाचा, १,१६४ पौंड, आणि तो सगळा एकदम. कार्डाची परदेशी व्यवहाराची मर्यादा आदल्या दिवशीच वाढवून घ्यावी, ऐन वेळी व्यवहार फसतो. व्हिसा नाकारला तर अधिभार परत येतो, शुल्क येत नाही. मंजूर झाला तर आता प्लास्टिकचे कार्ड मिळत नाही. ई-व्हिसा ऑनलाइन खात्यात दिसतो. पासपोर्ट बदलला तर नवा क्रमांक त्या खात्याला जोडायला विसरू नये.

सल्लागाराबद्दल थोडे. तो ‘फुकट’ असतो, कारण त्याचे कमिशन विद्यापीठ देते. यात गैर काही नाही, पण जे विद्यापीठ कमिशन देत नाही त्याचे नाव त्याच्या यादीत येणार नाही एवढे पालकांनी समजून घ्यावे. पदव्युत्तर अर्ज विद्यापीठाच्या संकेतस्थळावर घरबसल्या करता येतो. पदवीसाठी ‘यूकॅस’ या सामायिक अर्ज-व्यवस्थेतून पाच पर्याय भरता येतात, आणि ऑक्सफर्ड, केंब्रिज व वैद्यकीयची मुदत १५ ऑक्टोबरलाच संपते. दुसऱ्या शहराच्या नावाची काही विद्यापीठे लंडनमध्ये शाखा चालवतात. वर्ग तिथे भरणार असतील तर खर्च लंडनच्या दराने दाखवावा लागतो. कॅसवर पत्ता कोणता आहे ते वाचावे. आणि मुलाखतीची उत्तरे कोणी लिहून देत असेल तर घेऊ नयेत. व्हिसा फार नाकारले गेले तर विद्यापीठाचाच परवाना धोक्यात येतो, म्हणून कॅसआधी विद्यापीठे स्वतः मुलाखत घेतात, आणि पाठ केलेले उत्तर दुसऱ्या प्रश्नाला उघडे पडते. निवडलेल्या अभ्यासक्रमातले विषय कोणते, हे मुलाला स्वतःच्या शब्दांत सांगता आले पाहिजे.

‘तिथे पार्टटाइम करून फी निघेल’ हे वाक्य तर पूर्ण सोडून द्यावे. सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येते आणि आठवडा सोमवार ते रविवार मोजतात. ताशी १२ पौंड धरले तर आठवड्याचे २४० पौंड, त्यात जेमतेम भाडे आणि जेवण. मास्टर्सच्या विद्यार्थ्याला उन्हाळ्याचे महिने सुट्टी वाटतात, पण ते प्रबंधाचे असतात आणि तेव्हाही २० तासांचीच मर्यादा लागू असते. स्वयंरोजगार पूर्ण बंद आहे. ॲपवर ‘स्वतंत्र भागीदार’ म्हणून डिलिव्हरी करणे किंवा ठाण्यातल्या कंपनीचे फ्रीलान्स काम घेणे, दोन्ही नियमभंग. १ जानेवारी २०२४ पासून वर्गात शिकवल्या जाणाऱ्या मास्टर्सला जोडीदार किंवा मुले सोबत नेता येत नाहीत, ती सोय मुख्यत्वे संशोधन पदवीपुरती उरली आहे.

अभ्यासाचे एवढेच: १८० श्रेयांकांचे मास्टर्स, त्यातला तिसरा भाग साधारण प्रबंधाचा. पास ५० ला, मेरिट ६० ला, डिस्टिंक्शन ७० ला. इथे ८५ टक्के मिळवणाऱ्या मुलीला तिथे ६४ आले तर घरच्यांनी फोनवर हळहळू नये, ते चांगले गुण आहेत. हजेरी कमी झाली तर मात्र विद्यापीठाला ब्रिटिश गृहखात्याला कळवावे लागते.

पदवीनंतरची गोष्ट बदलली आहे आणि ती कर्ज घेण्याआधी कळायला हवी. शिक्षण संपल्यावर तिथे राहून काम करण्याचा ‘ग्रॅज्युएट व्हिसा’ आतापर्यंत दोन वर्षांचा होता. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवी व मास्टर्सच्या विद्यार्थ्यांना तो १८ महिन्यांचाच मिळेल, पीएचडीला तीन वर्षे कायम. त्यानंतर राहायचे तर नोकरीवर मिळणारा स्किल्ड वर्कर व्हिसा, आणि जुलै २०२५ पासून त्याची किमान पगाराची सर्वसाधारण मर्यादा वर्षाला ४१,७०० पौंड आहे, नवोदितांना ३३,४००. शिवाय त्या कामाचा ठरलेला दर जास्त असेल तर तोही पाळावा लागतो. आपल्या विषयात पहिला पगार या रेषेच्या वर जातो का, हे त्या विषयाच्या नोकरीच्या जाहिराती पाहून घरीच तपासता येते.

आता कर्जाची बाजू. ३० लाखांचे कर्ज, १० टक्के व्याज, दहा वर्षे: हप्ता महिना सुमारे ३९,६०० रुपये. शिक्षणाची आणि नंतरची सवलतीची मिळून दोन वर्षे व्याज न भरता साचू दिले तर मुद्दल ३६ लाखांवर जाते आणि हप्ता ४७,५०० च्या पुढे. सवलतीची मुदत साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षाने संपते, म्हणजे ग्रॅज्युएट व्हिसा चालू असतानाच हप्ता सुरू होतो. वडील राज्य सरकारी नोकरीतून ५८ व्या वर्षी निवृत्त होणार असतील तर ती तारीख, पहिल्या हप्त्याची तारीख आणि व्हिसा संपण्याची तारीख एकाच कागदावर लिहावी, आणि त्या मधल्या महिन्यांत पाचपाखाडीतल्या किंवा नेरुळच्या घराचा हप्ता कोण भरणार, हे मुलासमोर बसून ठरवावे.

आपला नम्र,
एक निवृत्त बँक अधिकारी, ठाणे (पश्चिम)