भिंतीवर उतरण्याआधी

चि. मुक्तास, अनेक आशीर्वाद.

अंदमानात हॅवलॉकच्या जेट्टीजवळच्या 'द वॉल'वर तुम्हाला स्कूबा डाइव्हिंगला नेणार आहेत, हे कळलं. पाण्याखालची खडकाची ती भिंत दहाएक मीटर खोलीवर सुरू होते आणि पन्नासच्याही खाली जाते. तुझ्या ॲडव्हान्स्ड कोर्सची मर्यादा 30 मीटर. एरवी तळ आपल्याला थांबवतो, इथे थांबवणारं काही नाही. म्हणून खोली बोटीवरच ठरवून घे. माझं ऐकशील तर 25.

उतरताना वेग वाढतो, त्याचं कारण समजून घे. दाबाने वेटसूट (अंगावरचा रबरी पोशाख) चेपतो, बीसीडीतली, म्हणजे तरंगणं सांभाळणाऱ्या जॅकेटातली, हवा आकसते, तू आणखी खाली जातेस आणि तो आणखी चेपतो. त्यामुळे सुरुवातीपासूनच थोडी थोडी हवा भरत जा आणि खोली दाखवणाऱ्या डाइव्ह कॉम्प्युटरवर नजर ठेव. उशिरा एकदम भरलीस, तर वर फेकली जाशील. ते जास्त धोक्याचं.

वेट्स, म्हणजे खाली जाण्यासाठी बांधायची वजनं, आदल्या दिवशीच तपास. सिलिंडरमधला दाब 50 बारवर आल्यावर 5 मीटरला रिकाम्या बीसीडीने स्थिर राहता आलं पाहिजे. तोवर हवा संपून तू दोनेक किलो हलकी झालेली असतेस.

हवेचा हिशेब कर. 25 मीटरवर दाब पृष्ठभागाच्या साडेतीन पट. वर मिनिटाला 20 लिटर लागत असतील, तर तिथे 70. 11 लिटरचं सिलिंडर 200 बारला म्हणजे 2200 लिटर. निम्मं पंधरा मिनिटांत जातं! म्हणून सर्वांत खोल आधी, मग भिंत बघत वर सरकायचं. उजेड आणि रंगही वरच्याच भागात आहेत, तिथे रेंगाळ.

बुडबुडे वर न जाता खाली जाताना दिसले, की प्रवाह खाली ओढतोय. भिंतीलगत राहून तिरकं वर सर, जोडीदाराला सोडू नकोस. तरीही खेचली जात असशील तर भिंतीपासून दूर, आडवी पोहत बाहेर पड. बीसीडीत हवा भरलीच, तर प्रवाहातून सुटताक्षणी काढायची तयारी ठेव.

वर येताना मिनिटाला 9 मीटरपेक्षा जास्त वेग नको. 5 मीटरला तीन मिनिटं थांबणं चुकवू नकोस. समोर निळं पाणी असलं की खोलीचा अंदाज चुकतो, तेव्हा आकडाच बघायचा. एसएमबी, म्हणजे पृष्ठभागावर पाठवायचा खुणेचा फुगा, सोडताना त्याच्या दोरीचं रील अंगाला अडकवू नकोस.

शेवटच्या डाइव्हनंतर 18 तास विमान नाही. तिकीट काढलं नसशील, तर दुसऱ्या दिवशी दुपारनंतरचं काढ.

तुझी,
आई