काळीत घर नको, आप्पा

ती. आप्पा आणि आई,
सा. न. वि. वि.

परवा ओढ्याकडं घर बांधायच्या विषयावरून फोनवर तुमचा आणि माझा दोघांचाही आवाज चढला आणि आईनं "जेवण गार व्हायलंय" म्हणून फोन काढून घेतला. म्हणून हे पत्र. यात तरी मला मध्येच अडवता येणार नाही.

आप्पा, मागच्या खेपेला मी तीन पिशव्या माती नेली तेव्हा तुम्ही हसला होता. एक पिशवी नदीकडच्या वांग्याच्या पट्टीतली, दुसरी ओढ्याजवळच्या त्या सहा गुंठ्यांतली जिथं तुम्हाला घर बांधायचंय, तिसरी माळावरच्या रानातली. आमच्या लॅबमध्ये एक अगदी साधी चाचणी करतात. माती वाळवून, बारीक चाळून दहा-दहा ग्रॅम काचेच्या दोन नळ्यांत घालायची. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. रॉकेलमध्ये चिकणमाती फुगत नाही, पाण्यात फुगते. चोवीस तासांनी दोन्हींतला फरक बघायचा.

सकाळी जाऊन बघितलं तर ओढ्याकडची माती रॉकेलच्या नळीत ९ मिलिलिटरच्या खुणेवर बसलेली आणि पाण्याच्या नळीत १७ वर. जवळजवळ दुप्पट. फुगवटा ५० टक्क्यांच्या वर गेला की आम्ही अहवालात लाल शाईनं लिहितो, ही ९०ला टेकली. वांग्याच्या पट्टीतली थोडीच फुगली. माळावरचा मुरूम तर दोन्ही नळ्यांत जवळपास सारखाच.

म्हणजे काय, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. दर उन्हाळ्यात त्या तुकड्याला भेगा पडतात आणि मृगाचे दोन पाऊस झाले की मिटतात. जमीन अशी वर्षातून एकदा आक्रसते आणि एकदा फुगते. वर ऊस असला तर तिचं काही बिघडत नाही, उलट पाणी धरून ठेवणारी म्हणून ती कसदार. पण वर भिंत असली तर? घराच्या मधोमध ओल टिकून राहते, कडेची माती वाळते, आणि पाया कुठं उचलला जातो, कुठं बसतो. मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते. गिलावा करून ती जात नाही. पुढच्या मे महिन्यात तिथंच परत उघडते.

तुम्ही म्हणाल, मग नदीकडच्या पट्टीत बांधू, ती कमी फुगते ना. तीच गंमत आहे बघा. पूर पात्राबाहेर पडला की पाण्याचा जोर एकदम कमी होतो, त्यामुळे वाळू आणि पोयटा काठालगतच पडतो. तशी वर्षानुवर्षं भर पडून काठ उंच होतो. बारीक चिकण गाळ मात्र पाण्याबरोबर आत जातो आणि जिथं पाणी तुंबून राहतं तिथं, म्हणजे ओढ्याकडच्या खोलगटात, सावकाश खाली बसतो. म्हणून आपल्या रानात नदीजवळ हलकी, लवकर वाफशाला येणारी मळी, आणि नदीपासून लांब गेलं की चिकण काळी. आठवा, २०१९ ला आपण सगळे नदीकडं डोळे लावून बसलो होतो आणि पाणी आलं मागून, ओढ्यातनं. तुमची जागा पुराच्या पाण्याची पहिली वाट आहे, आप्पा. तिथली माती एवढी चिकण का, याचंही उत्तर तेच.

आणि काठाचं म्हणाल तर २०२१ ला पाणी उतरताना आपलं करंजाचं झाड मातीसकट गेलं ते आठवतंय ना? चढत्या पाण्यात काठ सहसा असा ढासळत नाही. दहा दिवस पाणी पिऊन तो जड झालेला असतो, नदी झरझर खाली जाते, बाहेरून पाण्याचा टेकू निघतो आणि आतलं पाणी अजून आतच असतं. मग कडाच्या कडा बसते. तिथं वांगीच बरी.

मातीवर इलाज नाही असं मी म्हणत नाही. काळ्या मातीसाठी रुरकीच्या इमारत संशोधन संस्थेनं खाली फुगीर कंद असलेले खांब काढलेत. जिथं ओल-सुकीचा फरक पोहोचत नाही इतक्या खोल ते न्यायचे, कंद तिथं पकड घेतो, आणि घर वरच्या मातीवर न टेकता त्या खांबांवर उभं राहतं. खर्चिक आहे, पण होतं. तेवढं करून भिंतीला चीर पडणार नाही, पण पाणी घरात यायचं ते येणारच. ठेकेदार "दहा फूट भराव टाकू" म्हणतोय, तर भरावाखाली काळी आहे तशीच राहणार. आणि भरावानं ओढ्याची वाट अडली की ते पाणी भावकीच्या घरात शिरणार. मग मला सांगा, वाडीच्या पालखीला तुम्ही कुठल्या तोंडानं जाणार?

कागदाचंही बघा. पाटबंधारेवाल्यांच्या दोन रेषा असतात. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. नदी आणि निळ्या रेषेच्या मधे बांधकामाला मनाई, निळ्या-लाल रेषांच्या मधे अटी. आपला ओढ्याकडचा तुकडा नकाशावर निळ्याच्या आत दिसतोय. 'गुंठेवारीत नियमित होऊन जातंय' असं कुणी सांगितलं असेल तर त्याला म्हणावं, तू राहा तिथं. आणि २५ वर्षांतून एकदा म्हणजे एकदा येऊन गेला की २५ वर्षं सुट्टी, असं नसतं. २००५, २०१९, २०२१. तुमच्या डोळ्यांदेखत तीन झाले.

गावाची काळी आणि गावाची पांढरी हे शब्द तुमच्याच तोंडून मी पहिल्यांदा ऐकले. काळीत पिकवायचं, पांढरीत राहायचं. आपलं जुनं घर पांढरीच्या टेकाडावर. पिढ्यान्‌पिढ्या राख, शेण, पडलेल्या भिंती साठून ते टेकाड चढत गेलं. ती माती फारशी फुगत नाही, म्हणून तर आजोबांनी धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या छपरावर, तीच पसरली होती. २०१९ ला तिथंही पाणी आलं हे खरं, मागची भिंत गेली हेही खरं. पण पांढरी पुरेना झाली म्हणून काळीत उतरायचं हे काही मला पटत नाही.

माळावरचे बारा गुंठे तुम्ही मोजतच नाही. "तिथं कुसळ उगवत नाही" म्हणता. उगवत नाही कारण फूट-दीड फुटावर मुरूम लागतो आणि पाणी टिकत नाही. पायाला नेमकं तेच हवं असतं. दर पुराला जनावरं आपण कुठं नेऊन बांधतो? माळावर. जनावरांना चालतं ते आपल्याला का नको? आईला देऊळ लांब पडेल, बायकांत बसणं तुटेल, नळाचं पाणी उशिरा येईल, हे मला कळतंय. तुम्हाला सकाळी उठून मोटारीचा आवाज ऐकायचा असतो, तेही.

भरावाला जे पैसे काढून ठेवलेत ते मधल्या उसाच्या रानात घाला. पांढरा थर वर येतोय तो पुरानं आणलेला नाही. वर्षानुवर्षं पाटानं पाणी पाजून खालची पाण्याची पातळी वर आली, ऊन लागलं की पाणी उडतं आणि मीठ मागं राहतं. नुसतं जिप्सम टाकून पैसे घालवू नका. आधी भूमिगत निचऱ्याच्या पाइपा, मग धैंच्याचं हिरवळीचं खत गाडायचं, आणि माती चोपण, म्हणजे सोडियम जास्त असलेली, निघाली तरच जिप्सम. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात नमुना देऊन या, त्यांचं कामच ते.

ठेकेदाराला उचल अजून दिली नसेल तर थांबा. दिली असेल तर आईनं मला गुपचूप कळवावं.

आणि एक काम करा. पाऊस पडायच्या आत ओढ्याकडच्या तुकड्यात जा, सगळ्यांत मोठी भेग शोधा आणि तिच्यात सळई सोडा. जाईल तेवढी जाऊ दे, मग खूण करून टेपनं मोजा. माझा अंदाज तीन फुटांचा आहे. तुमचा आकडा फोनवर सांगा, आणि त्या दिवशी फोन आईच्या हातात देऊ नका.

तुमची,
चिमी