प्रॉक्टर नेमका कुठे अडतो?

संपादक महोदय,

'द क्रूसिबल'वरचे आपल्या पुरवणीतले टिपण वाचले. अमेरिकेतल्या सेलम गावात चेटकाच्या आरोपांवरून चाललेल्या खटल्यांवर बेतलेल्या, आर्थर मिलर या अमेरिकी नाटककाराच्या या नाटकावर मराठीत सविस्तर छापून आले याचा आनंद आहेच, पण त्यातल्या दोन विधानांना उत्तर द्यायला हवे.

पहिले विधान असे की, सेलममध्ये चेटकिणींना जिवंत जाळले. ते चूक आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या १६९२ च्या त्या खटल्यांत एकालाही जाळलेले नाही. १९ जणांना फाशी दिली. जाइल्स कोरी या ऐंशीच्या घरातल्या शेतकऱ्याने खटल्याला सामोरे जायलाच नकार दिला, म्हणून छातीवर दगड रचत रचत त्याला मारले. तुरुंगात मेले ते वेगळेच.

दुसरे विधान जास्त खटकते: नाटकाचा नायक, चेटकाच्या आरोपात अडकलेला शेतकरी जॉन प्रॉक्टर 'नावाच्या अहंकारापायी' बायकोमुलांना उघड्यावर टाकून मरतो. हा आरोप नेहमीच होतो. तो टिकतो की नाही हे ठरवायचे तर चौथ्या अंकात प्रॉक्टर नेमका कुठे अडतो ते पाहावे लागेल.

फाशीच्या दिवशी सकाळी त्याच्यापुढे अट आहे: चेटूक केल्याची कबुली दे, जीव वाचेल. सैतान पाहिलास का, या प्रश्नाला तो हो म्हणतो. सैतानाचे काम केलेस का, यालाही हो. मग इतरांची नावे मागितली जातात. कबुली द्यायला नकार दिलेल्या म्हाताऱ्या रिबेका नर्सला त्याच वेळी आत आणून उभे केलेले असते. त्याचे ऐकून तीही मोडेल अशी न्यायाधीश डॅनफर्थची अपेक्षा. प्रॉक्टर इथे पहिल्यांदा थांबतो. माझे पाप सांगेन, दुसऱ्याचा निवाडा करणार नाही, एवढेच त्याचे म्हणणे. पाद्री हेल मध्ये पडतो आणि ती मागणी मागे राहते. पुढची मागणी सहीची. तुम्ही सगळ्यांनी ऐकलेत, ते पुरे नाही का, म्हणून तो घोळ घालतो, आणि शेवटी सहीही करतो. डॅनफर्थ कागदासाठी हात पुढे करतो तेव्हा मात्र तो कागद हिसकावून घेतो, कारण तो चर्चच्या दारावर ठोकला जाणार आहे.

म्हणजे खोटे बोलून जीव वाचवायला तो तयार आहे, सहीसकट. तो अडतो ते ते खोटे पुढे कुणाच्या माथी मारले जाणार यापाशी. त्याच सकाळी रिबेका आणि इतर जण कबुली न देता फासावर जाणार, आणि दारावर प्रॉक्टरची सही लागली की तेही दोषीच होते, असे गावाने समजायचे. हे तो स्वतः बोलून दाखवतो. मित्रांना विकल्यावर आपल्या तीन मुलांना माणसासारखे चालायला कसे शिकवू, असेही विचारतो. टिपणकारांच्या मते तो ज्या मुलांना विसरला, त्यांचा उल्लेख इथेच आहे.

डॅनफर्थलाही कागद उगाच नको आहे. नाटकात तोवर बारा जण फासावर गेले आहेत. आता कुणाला माफी दिली तर त्या बारा जणांचे काय, हा त्याचा पेच. शेजारच्या अँडोव्हर गावात कोर्टाविरुद्ध बंडाळीची बातमी आहे आणि सेलमचा पाद्री पॅरिस याच्या दारात खंजीर सापडला आहे. अशा वेळी गावात वजन असलेल्या माणसाची लेखी कबुली म्हणजे कोर्टाला टेकू.

खोटी कबुली तयार कशी होते, हे पाहायला पहिला अंक पुन्हा वाचावा. पॅरिसची गुलाम टिट्युबा हिला आधी चाबकाची आणि फाशीची धमकी मिळते, मग हेलचा मायाळू आवाज. सैतानासोबत कोण होते, या प्रश्नावर ती घुटमळते. तेव्हा 'सारा गुड? की ऑसबर्न?' ही गावातल्या बायकांची नावे पुरवतो तो जमीनदार पटनम. थोड्याच वेळात तीच दोन नावे टिट्युबाच्या तोंडून बाहेर येतात आणि सगळे थक्क होतात! नाव विचारणाऱ्यानेच आत घातलेले होते, हे खोलीतल्या एकाच्याही लक्षात येत नाही. चौकशीत सुचवून प्रश्न विचारले की काय होते, याचा याहून नेटका नमुना रंगभूमीवर क्वचितच सापडेल.

याउलट खरे सांगणाऱ्यांचे काय होते? तिसऱ्या अंकात आरोप करणाऱ्या मुलींपैकी एक, प्रॉक्टरकडची मोलकरीण मेरी वॉरन कबूल करते की आम्ही मुली ढोंग करत होतो. मग आता मूर्च्छा येऊन दाखव, असा हुकूम होतो. तिला जमत नाही आणि तिचे खरे खोटे ठरते. प्रॉक्टर अ‍ॅबिगेल या आरोप करणाऱ्या मुलींच्या म्होरकीशी असलेला व्यभिचार भर कोर्टात कबूल करतो. पडताळ्यासाठी त्याची बायको एलिझाबेथ हिला बोलावतात. कधीही खोटे न बोलणारी ही बाई नवऱ्याची अब्रू राखायला तेवढे एकदा खोटे बोलते आणि कोर्ट नेमके तेच खरे मानते. स्वतःची बेअब्रू करणारी खरी कबुली या कोर्टाला नको असते, ती त्याच्या कामाची नाही.

व्यभिचाराचे कथानक मिलरने रचलेले आहे. खरा प्रॉक्टर साठीच्या आसपासचा होता आणि अ‍ॅबिगेल अकरा-बारा वर्षांची. दबावाचे चित्र मात्र कागदपत्रांशी जुळते. २३ जुलै १६९२ रोजी प्रॉक्टरने तुरुंगातून बॉस्टनच्या पाद्र्यांना लिहिलेल्या पत्रात, कबुलीसाठी आपल्या मुलाची मान आणि टाचा एकत्र बांधून नाकातून रक्त येईपर्यंत ठेवल्याची तक्रार आहे. अँडोव्हरच्या काही बायकांनी नंतर कबुल्या मागे घेताना सांगितले की, तुम्ही चेटकिणीच आहात असे इतके बजावले गेले की आम्हालाच तसे वाटू लागले. शिवाय जीव वाचवायचा तर हाच मार्ग, म्हणून घरचेही मागे लागले होते. हिशेब उघड होता. कबुलीवर ठाम राहिलेल्या कुणालाही सेलममध्ये फाशी झाली नाही. सॅम्युअल वॉर्डवेलने कबुली दिली, मागे घेतली आणि २२ सप्टेंबरला तो फासावर गेला.

नाव सांगण्याची मागणी मिलरवर आली ती नाटकानंतर. नाटक १९५३ चे. कम्युनिस्टांचा शोध घेणाऱ्या अमेरिकी काँग्रेसच्या समितीसमोर इतरांची नावे द्यायला त्याने नकार दिला १९५६ मध्ये. त्या नकाराबद्दल १९५७ मध्ये तो दोषी ठरला आणि पुढच्या वर्षी अपिलात सुटला.

प्रयोग करणाऱ्यांसाठी थोडे. लांबी कमी करायची म्हणून चौथ्या अंकाची सुरुवात कापली जाते; त्यात अँडोव्हर आणि खंजीर गेले की डॅनफर्थ नुसता खलनायक उरतो आणि कागदाची निकड कळत नाही. कागद, दौत आणि लेखणी प्रेक्षकांना सतत दिसतील अशी ठेवा. सही करताना प्रॉक्टरला घाई करू देऊ नका, सही पूर्ण झालेली दिसलीच पाहिजे. नाहीतर तो सहीलाच नकार देतो असा समज होतो. आणि खोटे बोलून जगा, अशी हेलने एलिझाबेथला केलेली विनवणी अजिबात कापू नये. ती करणारा हेल भला माणूस आहे आणि त्याचा युक्तिवाद खोडायला सोपा नाही. तो ऐकून घेतला असेल तरच पुढच्या नकाराची किंमत प्रेक्षकाला कळते.

आपला,
एक नाट्यवाचक